आवाज कुणाच्या बापाचा?

लाखभर रुपयांच्या स्टुडिओ मशीनचा आवाज आता लॅपटॉपवर मिळतो. पण तो आवाज नेमका कुणाचा? नागपूरच्या महालातून निघून पार लक्झेंबर्गच्या कोर्टापर्यंत पोचलेला एक प्रश्न...

रविवारची सकाळ. तर्रीपोहे हाणून मी 'भोंग्या'च्या घरी पोचलो. (भोंगा हे त्याचं कॉलेजातलं नाव. खरं नाव ऑफिसच्या आयकार्डवर आहे, ते तिथंच राहू दे.) दार उघडल्या उघडल्या त्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "डोळे मीट बे, अन् सांग तू कुठं आहे."

मिटले. कानात माझाच आवाज. आदल्या रात्री मी त्याला व्हॉइस मेसेज टाकला होता, 'उद्या सकाळी येतो, घरीच राहा.' पण हा मी नव्हतोच! थोडा चिरका, थोडा नाकातला, मागे बारीकशी घरघर आणि शेवटच्या शब्दाला एक शिट्टी. गणपतीच्या मंडपात हरवलेल्या पोराची अनाउन्समेंट मीच करतोय असं वाटलं. अंगावर काटा आला, राव!

भोंग्याच्या बाबांचा महालात लाऊडस्पीकरचा धंदा होता. तीसेक वर्षं. लग्नं, सभा, गणपती, सप्ताह, सगळीकडे काकांचा ॲम्प आणि दोन भोंगे. मग डीजेच्या भिंती आल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचा आवाज बंद केला होताच. काकांचं दुकान हळूहळू मिटलं. तो ॲम्प आता कपाटावर बसलाय, वर चादर पांघरून. दिवसा आयटी कंपनीत राबणाऱ्या पोरानं रात्री जागून त्याच ॲम्पचं प्लगइन बनवलं. म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा एक छोटा प्रोग्राम. आवाज आत टाका, बाहेर येईल तो मंडपातला.

स्क्रीनवर ॲम्पचा हुबेहूब चेहरा. तीच बटणं, तेच अक्षर, कोपऱ्यात कंपनीचा तोच लोगो. "पुढच्या महिन्यात लाँच. नऊशे नव्व्याण्णव रुपये. जगभर विकतो."

"कंपनीला विचारलं?"

"विचारायचं काऊन? आवाज काय कुणाच्या बापाचा आहे का?"

तो हसला. मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढचे तीन आठवडे मी त्याचाच माग काढत होतो.

डबा बाहेर, आवाज आत

भोंग्या एकटा नाही. ही एक मोठी इंडस्ट्री आहे. बिल पुटनम नावाच्या अमेरिकन साउंड इंजिनिअरनं १९६७ साली '११७६' नावाचा कॉम्प्रेसर आणला. गायक ओरडला की आवाज आवरायचा, कुजबुजला की वर आणायचा, हे त्याचं काम. पण आवरताना तो आवाजाला एक धार द्यायचा आणि जग त्या धारेच्या प्रेमात पडलं. त्याचा शांत स्वभावाचा जोडीदार म्हणजे 'एलए-२ए'. त्याच्यात चक्क एक दिवा असतो! आवाज वाढला की दिव्याचा उजेड वाढतो, समोरचा प्रकाश ओळखणारा भाग तो पाहून आवाज खाली ओढतो. उजेड विझला तरी त्या भागाला सावरायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणभराच्या आळसातच सगळी गोडी.

आज नवा ११७६ घ्यायचा तर दोन हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. त्याचं प्लगइन सेलमध्ये एका बऱ्यापैकी पिझ्झा पार्टीच्या पैशात पडतं. ते बनतं कसं? एक रस्ता म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक भागाचं गणित मांडायचं आणि कॉम्प्युटरला ते सेकंदाला ४४,१०० वेळा सोडवायला लावायचं. दुसरा रस्ता नवा आहे. मशीनमधून ठरावीक आवाज पाठवायचे, बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करायचं आणि न्यूरल नेटवर्कला सांगायचं, 'शीक!' भोंग्यानं दोन्हींची खिचडी केली होती.

पेटंटचा फंडा

माझा पहिला समज होता, पेटंट आडवं येईल. नागपूरकरांना हे फारसं माहीत नसतं, पण आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेज रोडवर, याच विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था. पेटंट आणि ट्रेडमार्क तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग इथं होतं. मी कित्येक वर्षं तिथून बाइक हाणत गेलोय, पाटी कधी वाचली नव्हती.

पेटंट म्हणजे एक सौदा. तुम्ही तुमचं गुपित जगाला लिहून द्यायचं, बदल्यात सरकार अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तुमची मक्तेदारी सांभाळणार. मुदत संपली की गुपित सगळ्यांचं. जुन्या स्टुडिओ मशीनच्या बाबतीत ही मुदत कधीच उलटून गेलीये. उदाहरण बघा. जॉन चाउनिंग यांनी एफएम पद्धतीनं आवाज तयार करायची युक्ती शोधली. १९७७ साली पेटंट मिळालं, स्टॅनफर्ड विद्यापीठानं ते यामाहाला वापरायला दिलं आणि यामाहाचा 'डीएक्स ७' कीबोर्ड १९८० च्या दशकात गाजला. पेटंट नव्वदच्या दशकात संपलं. त्यानंतर नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सनं 'एफएम ७' नावाचं सॉफ्टवेअर काढलं, तेही डीएक्स ७ चे जुने आवाज उघडू शकणारं. मोकळ्या झालेल्या युक्तीवर नवा धंदा!

भारतात आणखी एक गोष्ट. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंटच मिळत नाही. म्हणजे भोंग्याला कुणी पेटंटच्या नावानं गाठण्याची शक्यता कमी. पण त्यालाही स्वतःच्या प्लगइनचं पेटंट घेऊन मिरवता येणार नाही. हिशोब बरोबर!

नकाशा बघून मशीन बनवलं तर?

सर्किटच्या नकाशावर तर कॉपीराइट असतो ना? हाच मुद्दा १९९९ साली इंग्लंडच्या हायकोर्टात आला होता. मॅकी नावाच्या मिक्सर कंपनीचं म्हणणं होतं की बेहरिंगरनं आपली सर्किट उचलली. न्यायाधीश पम्फ्री यांनी सांगितलं, सर्किटचा नकाशा हा वस्तू कशी बनवायची हे सांगणारा कागद आहे, त्यावरून सर्किट बनवलं म्हणून कॉपीराइटचा भंग होत नाही. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ पासून अशी सूट आहे. तांत्रिक चित्रावरून एखाद्या वस्तूचा निव्वळ कामाचा भाग बनवला तर तो गुन्हा नाही.

पण कोड? तो वेगळा. प्रोग्रामचा कोड भारतात साहित्यकृती मानला जातो. कथा-कादंबरीच्या रांगेत! दुसऱ्याचं प्लगइन कायदेशीरपणे घेऊन, ते चालतं कसं हे वापरून बघायला आणि त्यातून तत्त्व शिकायला कायदा मुभा देतो. त्याचा कोड उचलून आपल्यात चिकटवायला नाही. मित्राचं पोस्टिंग बघून तसंच लिहिणं वेगळं आणि त्याचंच पोस्टिंग आपल्या नावावर टाकणं वेगळं, तसं हे.

इथपर्यंत भोंग्या खूश. "म्हटलं होतं ना बे!"

खरी मेख: नाव आणि चेहरा

माझी चुलतबहीण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करते. तिला सगळं दाखवलं. तिनं कोड, सर्किट काही बघितलं नाही. स्क्रीनवरच्या लोगोवर बोट ठेवलं. "दादा, नुसत्या आवाजासाठी सहसा कुणी कोर्टात खेचत नाही. खेचतात ते यासाठी."

पेटंट २० वर्षांत मरतं. वस्तूच्या दिसण्याचं डिझाइन म्हणून रजिस्ट्रेशन केलं तर ते जास्तीत जास्त १५ वर्षं. पण ट्रेडमार्क? दर दहा वर्षांनी फी भरत राहा, अमर! आणि ॲम्प्लिफायर असो की डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर, ट्रेडमार्कच्या वर्गवारीत दोन्ही नवव्याच वर्गात येतात. 'आम्ही डबे बनवतो, हा प्रोग्राम बनवतो' असं म्हणून सुटका होणं कठीण. नाव रजिस्टर नसलं तरी दुसऱ्याच्या नावलौकिकावर माल खपवला म्हणून दावा होतोच.

नाव सोडा, आकड्यावरूनही भांडणं झाली आहेत. १९७० च्या सुमारास रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीनं '१०७३' हा प्रीॲम्प आणला होता. त्याचा वारसा आज एएमएस नीव्ह या ब्रिटिश कंपनीकडे आहे. स्पेनची हेरिटेज ऑडिओ कंपनी त्याच्या प्रतिकृती विकते आणि त्यावर आमचा '१०७३' हा ट्रेडमार्क वापरते, असा त्यांचा दावा. प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात गेलं. प्रश्न होता, केस चालवायची कुठं? ५ सप्टेंबर २०१९ ला निकाल आला. ऑनलाइन जाहिरात ज्या देशातल्या गिऱ्हाइकांसाठी केली, त्या देशातल्या कोर्टातही युरोपीय ट्रेडमार्कचा दावा लावता येतो. 'जगभर विकतो' म्हणणाऱ्या भोंग्यानं हे वाचून दोन मिनिटं काहीच बोललं नाही.

आणि रीबर्थची गोष्ट तर ऐकाच. रोलंड या जपानी कंपनीचं 'टीबी-३०३' हे छोटं बेस मशीन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि आपटलं. कंपनीनं ते बंद केलं. पण मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तेच मशीन, जोडीला '८०८' ड्रम मशीन घेऊन रागांचा एक अख्खा डिस्को अल्बम केला, 'टेन रागाज टु अ डिस्को बीट'. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड ३०३ उचलली आणि 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार जन्मला. मशीन अजरामर झालं. नव्वदच्या दशकात स्वीडनच्या प्रोपेलरहेडनं 'रीबर्थ' काढलं. ३०३ आणि ८०८, दोन्ही कॉम्प्युटरवर, दिसायलाही तशीच. २०१० मध्ये ते आयपॅडवर आलं. २०१७ मध्ये रोलंडनं कळवलं की यात आमच्या हक्कांचा भंग होतोय आणि ॲप स्टोअरमधून ते काढून घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी रोलंडचं स्वतःचं ८०८ सॉफ्टवेअर बाजारात!

कंपनीनं टाकून दिलेल्या मशीनला मोठं केलं संगीतकारांनी. सॉफ्टवेअरचा बाजार दाखवला दुसऱ्यानं. पण नाव कंपनीचं होतं, तर शेवटी दार तिनंच लावलं. कुणाला हा अन्याय वाटेल, कुणाला न्याय. मला दोन्ही थोडं थोडं वाटतं.

म्हणूनच आता प्लगइनची नावं अशी गमतीशीर असतात. ११७६ ची आठवण करून द्यायची, पण ११७६ म्हणायचं नाही. मग वेव्हजचं 'सीएलए-७६', आयके मल्टिमीडियाचं 'ब्लॅक ७६', आर्टुरियाचं 'कॉम्प एफईटी-७६'. ॲपलच्या लॉजिकमध्ये तर नुसतं 'व्हिंटेज एफईटी'. जाणणाऱ्याला इशारा पुरतो! दुसरा रस्ता सरळ आहे. मूळ कंपनीशी करार करायचा, रॉयल्टी द्यायची आणि नाव, लोगो, चेहरा सगळं मानानं वापरायचं. मोठ्या कंपन्या दोन्ही रस्ते चालतात. वेव्हजनं एसएसएल आणि एपीआय या कंपन्यांची नावं थेट वापरली, पण नीव्हच्या धर्तीवरच्या प्लगइनना नुसतं 'व्ही-सिरीज' म्हटलं.

आपल्या मिरजेचंच घ्या ना. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा अर्थ जवारीचा झंकार मिरजेच्या मालकीचा झाला असा नाही. तानपुऱ्याचं ॲप कुणीही काढावं. मानांकनानं जपलंय ते 'मिरज' हे नाव. भलत्याच ठिकाणच्या तानपुऱ्यावर ते लावायचं नाही, एवढंच.

डबा विकता येतो, लायसन्सचं काय?

आता गिऱ्हाईक म्हणून आपल्या बाजूनं बघू. काकांचा ॲम्प जुना झाला तरी विकता येतो, भाड्यानं देता येतो, पोराला देता येतो. प्लगइन आपण 'घेतो' म्हणतो खरं, पण हातात येते ती फक्त वापरायची परवानगी. ती दुसऱ्याला देता येईल का, किती कॉम्प्युटरवर चालेल, हे सगळं त्या न वाचता 'आय ॲग्री' केलेल्या कागदात लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये ॲपलच्या कॅटालिना सिस्टीमनं ३२-बिट प्रोग्राम बंद केले आणि कित्येकांची जुनी प्लगइन एका अपडेटमध्ये मुकी झाली. डब्याला अपडेट लागत नाही!

मार्च २०२३ मध्ये वेव्हजनं जाहीर केलं की आता प्लगइन विकत मिळणार नाहीत, फक्त महिन्याच्या नाहीतर वर्षाच्या भाड्यानं. जगभरचे साउंडवाले असे खवळले की काही दिवसांतच कंपनीनं माफी मागून जुनी पद्धत परत आणली. गिऱ्हाईक एकत्र ओरडलं की भोंगा लागत नाही, हे तेव्हा कळलं.

आणि हो, क्रॅकवाल्यांनो! इथं मी कबुली देतो. कॉलेजात असताना मीही चोरीचं प्लगइन वापरायचो. एका लग्नाच्या व्हिडिओसाठी नवरीच्या आजीची गाणी रेकॉर्ड केली होती. देण्याच्या आदल्या रात्री त्या क्रॅकसोबत आलेल्या व्हायरसनं अख्खी हार्डडिस्क खाल्ली. आजी परत गायल्या, पण दुसऱ्यांदा गाताना त्यांचा आवाज थकलेला होता. ते अजून टोचतं. कायदाही मऊ नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी सांगतं, जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरला नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. फ्रीलान्स जिंगल हा धंदाच असतो, बॉस!

भोंग्याचं काय झालं?

शेवटी भोंग्याला मी सरळ सांगितलं. आवाज ठेव, लोगो काढ, चेहरा बदल. तो हिरमुसला. "लोगोशिवाय पब्लिकला कसं समजेल बे, हा कोणता ॲम्प आहे?"

काका इतका वेळ दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी स्टूल घेतलं, कपाटावरून ॲम्प खाली काढला, चादर झटकली आणि मागचे स्क्रू खोलले.

"कंपनीचं काय राह्यलं बे याच्यात?" ते म्हणाले. "हा ट्रान्सफॉर्मर दोन वेळा जळला, इतवारीतून वाइंडिंग करून आणला. हे कंडेन्सर माझे. ही वायर सायकलच्या दुकानातली. मूळचा आवाज लई बोदा होता, मागच्या माणसाले ऐकू येत नोव्हता. म्हणून हे मी बदललं." त्यांनी एका छोट्या रेझिस्टरवर बोट ठेवलं. "कंपनीचा आवाज पायजे तं नवा डबा घ्या. हा माझा आवाज होय."

आम्ही दोघंही गप्प. भोंग्यानं ज्या शिट्टीसाठी सहा महिने रात्री जागवल्या, ती कंपनीच्या कुठल्याच नकाशात नव्हती. ती त्याच्या बापानं डाग देऊन बसवली होती.

त्या रात्री प्लगइनचा चेहरा बदलला. कंपनीचा लोगो गेला. त्या जागी काकांच्या दुकानाची पाटी आली, पेंटरनं रंगवलेली, फोटो काढून जशीच्या तशी. नावही पाटीवरचंच. बटणांवर अक्षरं काकांच्या हातची. 'बास', 'ट्रेबल' आणि तिसरं 'मागचा माणूस'. ते फिरवलं की आवाज मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. नाव ट्रेडमार्कच्या वेबसाइटवर फुकट शोधून बघितलं, कुणाचंच नव्हतं. अर्ज टाकला, काकांच्या नावानं.

"मंग माझी रॉयल्टी?" काकांनी विचारलं. भोंग्या म्हणाला, "पहिले ऐकून तं बघा."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन लावला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग माउसला हात न लावता स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "ट्रेबल कमी कर. पुढच्या माणसाचे कान दुखतात."

चौकट: फंडा क्लिअर!

• जुन्या मशीनचं पेटंट संपलं असेल तर त्याचा आवाज घडवायला बहुधा मोकळीक असते. पेटंटची मुदत आधी तपासा.
• दुसऱ्याचं नाव, मॉडेल नंबर, लोगो, दर्शनी पॅनल वापरायचं तर लेखी परवानगी घ्या. नाहीतर स्वतःचा चेहरा बनवा.
• दुसऱ्याचा कोड किंवा रेकॉर्ड केलेले सॅम्पल कधीही उचलू नका.
• स्वतःचं नाव ठरवताना ट्रेडमार्कच्या नवव्या वर्गात आधी शोधा. एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.
• प्लगइन घेताना लायसन्स दुसऱ्याला देता येतं का ते वाचा. आणि वर्षातून एकदा तरी गाण्याचा प्रत्येक ट्रॅक साध्या ऑडिओ फाइलमध्ये काढून ठेवा. प्लगइन बंद पडलं तरी गाणं वाचेल.
• प्रकरण पैशाचं असेल तर वकील गाठा. हा लेख दाखवून सुटका होत नाही!